बेडकीचे चार काटे

१

नवरा गेला तरी झेनिल्दा वोझ्नियाकच्या सकाळच्या कामांत फरक पडला नव्हता. शटर वर करायचं, येर्बाच्या कडू चहाचा तुंबा भरून खिडकीत ठेवायचा, मग चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या एकेक करून सोडवायच्या. गाड्यांच्या वायरिंगचं काम. ग्रासिओसा घाटाच्या तोंडाशी वसलेल्या क्वात्रो बारास गावात या धंद्याला मरण नव्हतं. समुद्राकडून धुकं घाट चढून येतं, गावात ठाण मांडून बसतं आणि एकूण एक वायर आतून खाऊन टाकतं.

त्या आठवड्यात गॅरेजात बाहेरची एकही गाडी नव्हती. मधोमध जॅकवर चढवलेली होती ती घरचीच. फायबरच्या अंगाची, बुटकी, हिरवी स्पोर्ट्‌स कार. सारं गाव तिला बेडकी म्हणायचं. काझिमिरो, म्हणजे झेनिल्दाचा नवरा, याच गाडीतून घाट उतरताना पावसात गेला होता. तेव्हा गावातल्या पुरुषांनी ग्लास उंचावून म्हटलं होतं, ‘गेला, पण मर्दासारखा गेला.’ त्या वाक्याचा तिला अजून संताप यायचा. मर्दासारखा गेला म्हणजे बायको आणि शाळकरी पोर मागे टाकून गेला, एवढाच त्याचा अर्थ तिला कळला होता.

त्या पोराने, एदेरने, मोठा झाल्यावर शेडमधला तो फुटका सांगाडा बाहेर काढला. दोन हिवाळे खपून जोडला. आणि आता येत्या रविवारी जुन्या गाड्यांच्या क्लबाबरोबर त्याला घाट उतरून खाली मोरेतेसला जेवायला जायचं होतं. पाऊस असो नसो.

झेनिल्दा रडली नाही, ओरडली नाही. तिने एकच अट घातली. बेडकीला ट्रॅक्शन कंट्रोल बसवायचं, आणि ते तिने स्वतः बसवायचं.

‘‘पप्पा म्हणायचे, माझा उजवा पाय हेच माझं ट्रॅक्शन कंट्रोल,’’ एदेर हसत म्हणाला.

‘‘हो ना. तो पाय पोत्यात घालून आणला होता. मी बघितलाय.’’

एदेरचं हसू गेलं. तो वायरी धरायला खाली बसला.

२

यंत्र साधं होतं. चारही चाकांपाशी एकेक सेन्सर. चाक किती फिरतंय ते सेन्सर डॅशबोर्डखालच्या कंट्रोलच्या पेटीला सांगतो. निसरड्यावर मागची चाकं पुढच्यांपेक्षा जास्त फिरू लागली की पेटी ओळखते, गाडी घसरतेय. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावते आणि इंजिनची ठिणगी तोडते. जोर कमी होतो, चाकं पुन्हा रस्ता धरतात.

‘‘आणि ब्रेक?’’ एदेरने विचारलं.

‘‘ब्रेकशी याचा काही संबंध नाही. ब्रेक ज्याचा त्याने सांभाळायचा.’’

सेन्सर नीट सांगतायत की नाही हे बघायला झेनिल्दाने जुन्या मोटारसायकलींचे चार स्पीडोमीटर डॅशबोर्डवर एका ओळीत ठोकले. एका चाकाला एक काटा. एदेरने एकेक चाक हाताने फिरवलं, त्याचा त्याचा काटा हलला. तो भाकरी आणायला बेकरीत गेला आणि ती गाडीत बसून हत्यारं आवरू लागली. चावी लावलेली होती, इंजिन बंद होतं.

चारही काटे उठले.

एकदम नव्हे. शून्यावरून सावकाश वीस, तीस, चाळीसवर आले, तिथे जरा रेंगाळले, मग खाली येऊन पुन्हा चढले. झेनिल्दाने खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. चाकं जॅकवर, हवेत, जिथल्या तिथे. छपरावर पावसाची बारीक टकटक चालू होती आणि बाकी गॅरेजात काही आवाज नव्हता.

‘ट्यूबलाइट,’ ती स्वतःशीच म्हणाली. ट्यूबच्या चोकमुळे वायरीत फुकटची वीज शिरते, तिने शंभर वेळा पाहिलं होतं. तिने उतरून ट्यूब बंद केली. अंधुक उजेडात काटे तसेच हलत राहिले.

३

दुसऱ्या दिवशी तिने अर्थिंग बदललं. तिसऱ्या दिवशी सेन्सरच्या वायरींवर जाळी चढवली. बेकरीचा कंप्रेसर बंद असताना पाहिलं, चालू असताना पाहिलं. शेवटी वैतागून चारही सेन्सरची कनेक्शनं काढली आणि वायरींची टोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. आता काट्यांना कुणी काही सांगायला नव्हतंच.

चावी फिरवली. जरा वेळाने काटे उठले.

तेव्हा मात्र तिने ट्यूबचा आणि कंप्रेसरचा नाद सोडला. इतकी वर्षं वायरींशी झगडून तिला एक ठाऊक झालं होतं, की बिघाड कधी त्याच चालीने चालत नाही. बिघाड वेडावाकडा असतो. हे काटे दरवेळी सारखेच चालत होते. चढ, थोडी सरळ चाल, मग उतार, वळण, वळण, पूल, लांब उतार, पुन्हा वळण. ती डोळे मिटून बसली आणि ओठांनी मोजू लागली. लग्नानंतरची सगळी उमेदीची वर्षं ती काझिमिरोच्या शेजारी बसून या रस्त्याने गेली होती, उजव्या हाताने दार घट्ट धरून. तो ग्रासिओसा घाट होता. बेडकी जॅकवर उभी राहून घाट उतरत होती.

शेवटही दरवेळी तोच. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या मोठ्या वळणाशी पुढचे दोन काटे धपकन शून्यावर बसायचे. मागचे तसेच राहायचे. पिवळा दिवा भसकन पेटायचा. त्यापुढचं तिने पाहिलं नव्हतं. दिवा पेटला की तिचा हात आपसूक चावीकडे जायचा आणि सगळं बंद व्हायचं.

नालेच्या वळणावरच काझिमिरो गेला होता.

भीती वाटायला हवी होती, पण तिला आधी राग आला. ‘मेल्यावर तरी दुसरा रस्ता धरायचास,’ ती मोठ्याने म्हणाली. ‘मेल्यावर तरी घरी यायचंस.’ मग तिला तिच्याच आवाजाची लाज वाटली आणि ती चूळ भरायला आत गेली. येर्बा त्या दिवशी फारच कडू झाला होता.

एदेरला तिने सांगितलं नाही. सांगून काय, पोराला बापाचं वेड होतंच. वर हेही कळलं असतं तर तो रोज संध्याकाळी गाडीत बसून काटे बघत राहिला असता. शिवाय तिच्या मनाने एक हिशेब केला होता. झालं ते होऊन गेलंय. जुन्या गाडीच्या अंगात जुनं मरण मुरलंय, बस्स. ते आता कुणाचं काय बिघडवणार?

४

शुक्रवारी शेजारचे पंक्चरवाले निवाल्दो बेडकीला पावसाळी टायर चढवायला आले. पोटाने मोठे आणि तोंडाने त्याहून मोठे.

‘‘दोना झेनिल्दा, ही गाडी तुम्ही एवढी वायरींनी बांधलीय, ती आता चालणार की फक्त बोलणार?’’

‘‘तुमच्यापेक्षा कमी बोलली तरी पुरे.’’

‘‘ऐक रे एदेर, आईला विचार, हिला पोट टेकू न देता स्पीडब्रेकर ओलांडायचं यंत्र मिळतं का. घाटात तो नवीन स्पीडब्रेकर घातलाय ना या उन्हाळ्यात, दरड कोसळली तिथे? डोंगरच आहे तो. बेडकी त्यावर बसेल अंडी घालायला.’’

‘‘तिरकी घेईन की,’’ एदेर म्हणाला. ‘‘एकेक चाक चढवत. बुटक्या गाड्या असंच ओलांडतात.’’

‘‘अरे तू काय सांगतोस! तुम्ही वोझ्नियाक सगळंच तिरकं घेता. तुझा बाप बेकरीची व्हॅनसुद्धा तिरकी घालायचा आणि मागचे पाव सगळे एका कोपऱ्यात.’’

दोघं खदखदून हसले. झेनिल्दाही हसली. हसता हसता तिच्या हातातली पक्कड थांबली.

ते गेल्यावर तिने शटर अर्धं ओढलं, गाडीत बसली, चावी फिरवली. या वेळी तिने शेवटाकडे नाही, मध्याकडे लक्ष दिलं. पूल गेला. लांब उतार आला. मग काटे मंदावले, अगदी दहावर आले. आणि मग पहिला काटा किंचित दबला. मग दुसरा. मग तिसरा. मग चौथा. एकामागून एक, सावकाश. एकेक चाक चढवत.

सरळ ओलांडलं असतं तर आधी पुढचे दोन एकत्र दबले असते, मग मागचे दोन.

झेनिल्दा काटे बघतच राहिली. काझिमिरो गेला तेव्हा तिथे स्पीडब्रेकर नव्हता. तो या उन्हाळ्यात झालाय.

म्हणजे हा घाट काझिमिरो उतरत नव्हता. आणि बेडकी त्यानंतर घाटात गेलीच नव्हती; काटे दाखवत होते ते अजून घडायचं होतं.

५

‘‘बेडकी रविवारी जाणार नाही,’’ ती जेवताना म्हणाली.

एदेरने काळ्या घेवड्याच्या ताटातून मान वर केली. ‘‘झालं सुरू?’’

तिने सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. सांगताना तिचं तिलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं, पण ती थांबली नाही. मग त्याला हाताला धरून गॅरेजात नेलं, गाडीत बसवलं, चावी फिरवली. काटे जागचे हलले नाहीत. कितीतरी वेळ दोघं बसून राहिले. छपरावर पाऊस वाजत होता.

‘‘आई,’’ एदेर शेवटी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात दया होती, ती तिला रागापेक्षा जास्त लागली. ‘‘तुला नको होतं तर आधीच नाही म्हणायचं होतंस. यंत्र बसवतेस काय, अटी घालतेस काय.’’

‘‘दिवा पेटतो, एदेर. पुढची चाकं ब्रेकने अडकतात आणि मगच दिवा पेटतो. मी लावलेलं यंत्र तिथे काही उपयोगाचं नाहीये.’’

‘‘मग ते तू लावलंस म्हणूनच असेल.’’

हे बोलून त्याला वाईट वाटलं असावं, कारण तो लगेच उठला नाही. पण माघारही घेतली नाही. ‘‘तू पप्पांवरचा राग या गाडीवर काढतेस. आणि माझ्यावर. तुला वाटतं मला कळत नाही?’’

‘‘राग आहेच. नसेल तर मी बाई कसली? तो गेला ते त्याच्या हौसेने गेला. मी इथे मागे राहिले ते माझ्या हौसेने नव्हे. पुन्हा मागे राहायची माझी तयारी नाही.’’

एदेर गाडीतून उतरून आत गेला. बेडकी चालूच होऊ नये म्हणून तिने फ्यूज काढून घेतला असता तर त्याने दुसरा घातला असता, तेवढी विद्या तिनेच त्याला शिकवली होती. शनिवारी दिवसभर दोघं एकमेकांना टाळत, एकाच नळावर हात धूत, काम करत राहिले.

६

रविवारी सकाळी एदेर गॅरेजची जुनी पिकअप घेऊन बेकरीत गेला. क्लबातल्या सगळ्यांसाठी पाव न्यायची त्याची पाळी होती. पिकअप कोपऱ्यावर वळली आणि झेनिल्दाने बेडकीची चावी खिळ्यावरून काढली.

तिने ठरवलं होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. या गाडीला एकदा घाट उतरायचाच असेल तर उतरू दे. होऊन जाऊ दे एकदाचं, पण पोराशिवाय. आपण हळूहळू जाऊ, नालेच्या वळणाआधी थांबू, म्हणजे काट्यांची ती गोष्ट मोडेल. मोडली नाही, तर निदान गाडीत आपण असू. एवढं ठरल्यावर तिला बरंच हलकं वाटलं.

शेजारी निवाल्दो टायर मांडत होते. त्यांनी हात वर केला, मग तोंड उघडं टाकून बघत राहिले. ‘‘दोना झेनिल्दा! तुम्ही? एदेर कुठाय?’’ तिने काच वर केली.

घाट धुक्याने भरला होता. दोन्ही बाजूंना ओली झाडी, मध्ये दगडी रस्ता, आणि त्या दगडांवर साबण लावल्यासारखी चकाकी. बेडकी तिच्या हातात नीट चालली. काटे तिच्याच वेगाने चालत होते, पंचवीस म्हणजे पंचवीस. एकदा चढावर मागची चाकं सुटली तेव्हा दिवा लुकलुकला, इंजिन जरासं खोकलं, गाडी सावरली. यंत्र उत्तम लागलं होतं. त्याही परिस्थितीत तिला आपल्या कामाचं बरं वाटलं.

पुलाच्या पुढे वर येणाऱ्या एका ट्रकने दोनदा दिवे मारले आणि तिचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. घाटातली जुनी रीत. कुणी दिवे मारले की पुढे दरड असते, झाड असतं, नाहीतर पोलीस. इथला माणूस विचार करत नाही, आधी ब्रेक दाबतो. पुढे एक फांदी पडली होती. तिने ती वळसा घालून चुकवली.

नवीन स्पीडब्रेकर आला. तिने मुद्दाम गाडी सरळ घातली. पुढचे दोन काटे दबले, मागचे दोन दबले, आणि बेडकीचं पोट दगडावर असं करकरलं की एदेरने ऐकलं असतं तर डोकं धरून बसला असता. झेनिल्दाला हसू आलं. मोडली की नाही गोष्ट? मोडली.

नालेच्या वळणाच्या जरा अलीकडे, दरडीच्या कुशीत थोडी मोकळी जागा होती. तिथे तिने गाडी घातली. हँडब्रेक ओढला. काचेवर वाफ धरत होती म्हणून इंजिन चालू ठेवलं, बाहेरचे दिवे विझवले, आणि स्टीअरिंगवर कपाळ टेकलं. किती तरी वर्षांनी ती या वळणाशी आली होती. धुक्यात ते दिसतही नव्हतं. तिला रडू आलं, आणि ते कुणासाठी हे तिने तपासलं नाही.

डोकं वर केलं तेव्हा काटे चालत होते.

७

गाडी उभी होती. हँडब्रेक ओढलेला होता. तिने दार उघडून खाली वाकून पाहिलं, पुढचं चाक ओल्या गवतात रुतून बसलं होतं. काटे पन्नासवर होते. या चालीने गॅरेजात ते कधी इतके वर गेले नव्हते. वळण. वळण. पूल.

‘इथे तर मी आहे,’ ती म्हणाली. ‘गाडी इथे आहे. कोण उतरतंय?’

लांब उतार. काटे साठला टेकले. मग खाली, घाईघाईने, दहावर. पहिला दबला. दुसरा. तिसरा. चौथा. आणि नेमका तेव्हाच वरून, धुक्यातून, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. तो तिने ओळखला. रिकाम्या पिकअपच्या मागे हत्यारांची पेटी सरकून अशीच आपटायची, एदेरने स्पीडब्रेकर तिरका घेतला की. पिकअपला तिरकं जायची काही गरज नसते. त्याला फक्त सवय होती. बापाची सवय. हे ती रोज बघत होती, रोज त्याला त्यावरून बोलत होती, आणि काटे बघताना तिला फक्त बुटकी गाडी आठवली होती.

निवाल्दोंनी त्याला सांगितलं असणार. आई बेडकी घेऊन घाटात गेली. तो पाव तिथेच टाकून निघाला असणार.

इंजिनाचा आवाज जवळ आला. तो तिला शोधायला येत होता आणि धुक्यात, दरडीच्या कुशीत, विझल्या दिव्यांची हिरवी गाडी त्याला दिसणार नव्हती. पिकअप तिच्या खिडकीशेजारून गेली. तिला क्षणभर त्याचा चेहरा दिसला, काचेला चिकटल्यासारखा पुढे झुकलेला. ‘‘एदेर!’’ ती ओरडली. तिचा हात दिव्यांच्या बटणावर गेला. थांब, मी इथे आहे, एवढंच तिला सांगायचं होतं. तिने दिवे मारले. दोनदा.

समोरचं धुकं पांढरं झालं आणि पिकअपचे ब्रेकचे लाल दिवे पेटले.

डॅशबोर्डवर पुढचे दोन काटे धपकन शून्यावर बसले. मागचे तसेच राहिले. पिवळा दिवा पेटला. तिच्या पायाखाली बेडकीचं इंजिन खोकलं, अडखळलं. यंत्र ठिणगी तोडत होतं, पुन्हा तोडत होतं. तिने जसं शिकवलं होतं तसं ते जीव तोडून गाडी सावरायला बघत होतं. जिच्यात एदेर होता ती गाडी यंत्राच्या हातात नव्हती. इंजिन बंद पडलं.

वळणापलीकडून एक आवाज आला. फार मोठा नव्हता. मग झाडीतून काहीतरी खाली खाली गेल्याचा, आणि मग पावसाचा.

झेनिल्दा दाराकडे वळली नाही. तीन काटे शून्यावर होते. चौथा, मागच्या उजव्या चाकाचा, अजून फिरत होता. पंधरा, बारा, दहा, कसलाही अडथळा नसल्यासारखा, संथ. जमिनीला न टेकलेलं चाक असंच फिरतं, हे तिने जॅकवरच्या गाड्यांत आयुष्यभर पाहिलं होतं. तो काटा थांबेपर्यंत ती गाडीतून उतरली नाही.